दिवाळीआधी तुला थोडं सांगायचंय

अगं, दसरा होऊन गेला की तुला बसायलाही सवड मिळणार नाही, म्हणून आत्ताच बोलते. मागची दिवाळी तुझी दिवाळसणात गेली. माहेरी पाटावर बसलीस, जावयाला अंगठी झाली, तुला साडी झाली, फराळ आयता ताटात आला. यंदाची दिवाळी सासरची, आणि सासर राधानगरीच्या अंगाला, भाताच्या मुलखात. थोडं भात, थोडा ऊस, गोठ्यात तीन म्हशी आणि एक रेडकू.

आपण दोघी बहिणी इचलकरंजीत वाढलो. तिथं दिवाळी म्हणजे माग बंद. तो रात्रंदिवसाचा खडखडाट थांबायचा, बाबांच्या हातात बोनस यायचा आणि सगळी गल्ली निवांत व्हायची. तीच दिवाळी डोक्यात घेऊन बसलीस तर पहिल्याच दिवशी तुला रडू येईल. इथं दिवाळी येते ती सुगीच्या ऐन तोंडावर. भात पिवळं होऊन उभं असतं, परतीचा पाऊस कधी गाठेल त्याचा नेम नसतो, उसाला तोड कधी मिळते इकडे घरादाराचे डोळे असतात. वर्षातलं सगळ्यात जास्त काम आणि वर्षातला सगळ्यात मोठा सण एकाच आठवड्यात येतात. त्याला इलाज नाही. ते काम कुणाच्या अंगावर किती पडतं, याला मात्र इलाज आहे, आणि तेवढ्यासाठीच मी बोलते आहे.

गोठ्यापासून सुरू करू, कारण तुझा दिवसही तिथूनच सुरू होणार. सण कुठलाही असो, पहाटेची आणि संध्याकाळची धार चुकत नाही. संस्थेत दूध घालायची वेळ ठरलेली असते आणि म्हशीच्या अंगातही ती वेळ भिनलेली असते. उशीर झाला की दूध तुंबतं, कास ठणकते, आणि हे वारंवार झालं तर कासदाह होतो. सड सुजलं की ते दूध काही दिवस बाजूलाच ठेवावं लागतं. म्हणून नरक चतुर्दशीची पहाट आधीच वाटून घ्या. त्या दिवशी पाणी तापवायचं असतं, उटणं कालवायचं असतं, दारात कारीट ठेवायचं असतं, पोरं उठवायची असतात, आणि नेमकी तेव्हाच धार. आमच्या घरी ठरून गेलंय, चूल पेटवणारं माणूस वेगळं आणि धार काढणारं वेगळं. धार काढून आलेल्याला पहिलं गरम पाणी. तुझ्या मिस्टरांना धार येते ना? मग त्या पहाटे ती त्यांची. रोज काढत असतील तर उत्तमच.

वसुबारसेला आपल्याकडे दुधातुपाचं खात नाहीत, गहूही खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात, गाय-वासराची पूजा होते. तुमच्या गोठ्यात गाय नसली तर शेजारच्या गोठ्यात जाऊन कर, पण रेडकालाही हळद-कुंकू लाव. घर त्याच्या आईच्या दुधावर चालतंय.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण इथं प्रेमापोटीच घोटाळा होतो. सणाचं उरलेलं पुरण, भात, पोळ्या परातीनं गोठ्यात ओततात. वर्षभर वैरण खाणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढं पीठ आणि भात गेला की आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ थांबतो. वेळेत डॉक्टर आला नाही तर म्हैस दगावते. नैवेद्याचा एक घास दे आणि तिथंच थांब. कुणी म्हणालं, सणासुदीला मुक्या जिवाला उपाशी ठेवतेस का, तर हिरवी वैरण जास्त घाल, तोच तिचा फराळ.

फटाक्यांचंही सांगते. गोठ्याजवळ माळ लावू देऊ नकोस. बिचकलेली म्हैस पान्हा चोरते, संध्याकाळचं दूध लिटरभर तरी कमी येतं. आणि त्याच दिवसांत नव्या भाताच्या पिंजराची व्हळी अंगणाच्या कडेला रचलेली असते. एक ठिणगी पडली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतची वैरण तासाभरात राख होते. पोरांना फटाके उडवायला लांबचं मोकळं रान दाखव.

कापणीकडे येते. या दिवसांत मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून गाव पैऱ्यावर चालतं. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. हिशेब तोंडीच असतो, पण कुणी विसरत नाही. मला ही पद्धत फार आवडते. पैसा नसताना माणसांनी एकमेकांना धरून राहायची इतकी चांगली रीत मी दुसरी पाहिली नाही. पण एक बघ. पैरा बहुतेक वेळा पुरुष ठरवतात आणि फेडायला बायका जातात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तू कुणाच्या तरी रानात वाकून भात कापते आहेस आणि घरी सासूबाई एकट्या सगळा स्वयंपाक ओढताहेत, असं होऊ देऊ नकोस. पैरा ठरण्याआधीच सांगून ठेव, हे दोन दिवस आम्हा दोघींना धरू नका. ठरल्यावर बोललीस तर कामाची टाळाटाळ म्हणतील.

आणि जे कापणीला चालतं ते फराळाला का चालू नये? गल्लीतल्या चार-पाच जणींनी मिळून ठरवा. आज हिच्या घरी करंज्या, उद्या तिच्या घरी चकल्या. पाच जणी लाटायला बसल्या की ढीगभर करंज्या गप्पांच्या ओघात होतात, एकटीला तेवढ्याच करताना कंबर मोडते. भाजणी लवकर दळून आण. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागते आणि त्यात वीज गेली की दिवस जातो. अनारसे करायचे असतील तर जुना तांदूळ बाजूला काढून ठेव, नव्या तांदळाचे बिघडतात. आणि नाहीच जमलं सगळं तर बचत गटाच्या बायकांकडून घे. त्यांच्या हातचं चांगलं असतं आणि पैसा गावातल्याच बाईकडे जातो. फराळाचे प्रकार किती झाले यावर सुनेची किंमत ठरवायची असेल, तर ठरवू दे बापडे. तुझ्या सासूबाई तशा नाहीत, मी त्यांना ओळखते. त्यांच्या गुडघ्यांकडे तेवढं बघ. खाली बसून तळण करायला लावू नकोस, शेगडी ओट्यावर घे.

मळणीच्या दिवशी काठापदराची साडी नेसून खळ्यावर जायचं नाही. यंत्राच्या पट्ट्यात पदर गेला, वेणी गेली, तर खेचून घ्यायला क्षणही लागत नाही. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढव, केस बांधून वर टॉवेल गुंडाळ, बांगड्या मागे सारून दोऱ्यानं बांध. गावातल्या सगळ्या जुन्या बायका असंच करतात, ते कुणी गंमत म्हणून करत नाही. पेंढ्या उचलताना आधी काठीनं हलव. कापलेल्या भाताखाली उंदीर जमतात आणि उंदरांमागे घोणस येते. कुणाला डसलंच तर देवळात नाही, मांत्रिकाकडे नाही, आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही. डसलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि गाडी थेट सरकारी दवाखान्याकडे काढायची. सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात ठेवलेली असते, ते आजच विचारून ठेव. सणाच्या दिवशी शोधाशोध नको.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडची माणसं, पोराबाळांसकट. कुठं तरी माळावर खोपी घालतात, पहाटे अंधारात कोयते घेऊन फडात उतरतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची दिवाळी वाटेत जाते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तुमच्या उसाला तोड येईल तेव्हा त्या बायकांना नुसतं पाणी विचारून थांबू नकोस. डबाभर चिवडा, लाडू दे, पोरांना गरम पाण्यानं आंघोळ घालायची असेल तर चूल मोकळी करून दे. जनावरांना उसाचं वाडं मिळावं म्हणून आपण त्यांच्याशी गोड बोलतोच. मग वाडं मिळाल्यावरही तसंच बोलावं.

आता पैशाचं. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण हेच तू एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देशील.

आपल्या कोल्हापूर भागात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं, आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावरचा फरक मिळतो. त्या फरकावर घरची दिवाळी होते. कपडे, तेल, साखर, कुणाची फी, कुणाचं औषध. वर्षभर शेण कुणी काढलं? वैरणीचा भारा डोक्यावरून कुणी आणला? धारा कुणी काढल्या, भर पावसात किटली घेऊन संस्थेत कोण गेलं? आणि संस्थेच्या वहीत सभासद म्हणून नाव कुणाचं आहे? जाऊन बघ. तुझ्या किंवा सासूबाईंच्या नावानं सभासदत्व घेता येतं. बायकांच्या स्वतंत्र दूध संस्थाही आहेत. बिल बाईच्या खात्यावर आलं की पशुखाद्याची कपात किती, फॅट किती लागली, फरक किती आला, हे तिला कळतं. नाही तर ती आयुष्यभर म्हशीखाली बसते आणि दिवाळीला साडीसाठी हात पुढे करते. एक वही घाल. रोजचं दूध, फॅट आणि एसएनएफ मांड. कुणावर संशय घ्यायला नको, पण आपल्या कष्टाचा आकडा आपल्याला तोंडपाठ असावा.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळद-कुंकू लावशील, लाह्या-बत्तासे ठेवशील. त्याच दिवशी सातबाऱ्याचा उतारा काढून देव्हाऱ्यापुढे ठेव आणि वाचून बघ. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली होती. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर केली. पुढं १९९२ मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागतं. इतक्या वर्षांची सोय आहे आणि गावात निम्म्या घरांना ठाऊक नाही. पीककर्ज, पीकविमा, कुठलंही अनुदान घे, सगळे कागद सातबाऱ्यावरच्या नावाला विचारतात. उद्या काही बरंवाईट झालं तर नाव नसलेल्या बाईचे काय हाल होतात, ते तुला आपल्याच नात्यात दिसलेलं आहे. नावं घेत नाही.

भाऊबीजेचंही याच ओघात सांगते. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. आपल्या दोघींच्या वाट्याला रान नाही, इचलकरंजीतलं घर तेवढं आहे. पण तुझ्या नणंदा ओवाळायला येतील तेव्हा सणाच्या दिवशी त्यांच्यापुढे हक्कसोडीचा कागद कुणाला ठेवू देऊ नकोस. ओवाळणीचं ताट हातात असताना कुठली बहीण नाही म्हणेल? तो विषय काढायचाच असेल तर सणानंतर, सगळ्यांनी बसून, वाचून, विचारून काढावा. सून म्हणून तू हे बोललीस तर तुझ्या नणंदा जन्मभर तुझ्या होतील. ज्या हक्कासाठी आपण सासरी बोलतो, तोच हक्क नणंदेचा असला की गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

हे सगळं भांडून मिळवायचं नाही, पण मागितल्याशिवायही मिळणार नाही. पाडव्याला तू नवऱ्याला ओवाळशील. दारात शेणाच्या गवळणी मांडलेल्या असतील, म्हशींची शिंगं रंगवलेली असतील, घर मजेत असेल. ते विचारतील, ओवाळणीत काय हवं? साडी सांगू नकोस. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे लक्ष्मीमुक्तीचा अर्ज आधीच लिहून ठेव, सातबाऱ्याचा उतारा जोड, आणि सहीसाठी पेन पुढे कर. सुट्टी संपून कचेरी उघडली की दोघं मिळून जा आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.