एक रीत, अनेक क्लास : मोबाईल ॲपमधील समाईक मेथडचा विचार

मोबाईल ॲप वापरणारे आज घरोघरी आहेत. ते लिहावयास शिकणारी मुलेही आता गावोगावी दिसू लागली आहेत. या शिक्षणात एक प्रश्न फार लवकर पुढे येतो. एकच काम ॲपमध्ये अनेक ठिकाणी करावयाचे असेल, तर त्याची रीत कोठे लिहून ठेवावी? प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. संगणकाची पूर्वओळख नसलेल्या पालकांनाही तो समजावा, असा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम दोन संज्ञा पाहू. येथे क्लास म्हणजे शाळेतील वर्ग नव्हे, तर एखाद्या गोष्टीविषयीची माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे एकत्र बांधणारा प्रोग्रॅमचा घटक होय. मेथड म्हणजे त्यांपैकी एक काम करण्याची लिहून ठेवलेली रीत. नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लासची कल्पना मांडली. ॲप लिहिण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या जावा, कॉटलिन आणि स्विफ्ट या भाषा त्याच कल्पनेवर उभ्या आहेत.

रीत एकदाच लिहून सर्वांनी वापरण्याचा विचार त्याहूनही जुना आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक या संगणकासाठी नेहमी लागणाऱ्या रीती छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून त्यांचा संग्रह ठेवला जात असे. ज्याला जी हवी ती फीत तो आपल्या कामात जोडून घेई.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवासी शाळेसाठी ॲप लिहावयाचे आहे. त्यात प्रवेश, रजा आणि आरोग्य असे तीन क्लास आहेत व तिन्हींत पालकांचा मोबाईल क्रमांक भरावा लागतो. क्रमांकात १० अंक आहेत की नाहीत, हे पाहणारी मेथड विद्यार्थ्याने प्रवेशाच्या क्लासमध्ये लिहिली आणि तिची नक्कल उरलेल्या दोन क्लासमध्ये उतरवली. ॲप चालू लागले.

पुढे एका पालकाने क्रमांक देवनागरी अंकांत भरला. जावामधील अंक ओळखणारी तयार मेथड देवनागरी अंकांनाही अंकच मानते आणि ते योग्यच आहे. परंतु युनिकोडमध्ये देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ ही दोन निराळी चिन्हे आहेत. क्रमांक स्वीकारला जातो; मात्र निरोप पाठवणारी यंत्रणा केवळ इंग्रजी अंक जाणत असेल, तर निरोप जात नाही. हे ध्यानात आल्यावर विद्यार्थ्याने देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलून घेण्याची सोय प्रवेशाच्या क्लासमध्ये केली. आरोग्याच्या क्लासमधील नक्कल तशीच राहिली. मूल रात्री तापाने फणफणले असताना घरी निरोप न पोचण्याचे कारण ती विसरलेली नक्कल ठरू शकते. म्हणून रीत एकाच जागी असावी. ती जागा कोणती, याची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर वारशाचे. मेथड पालक-क्लासमध्ये ठेवली की त्याचे सर्व वारस ती वापरू शकतात. परंतु जावा, कॉटलिन व स्विफ्ट या तिन्ही भाषांत एका क्लासला एकच पालक-क्लास असू शकतो. शिवाय सोयीसाठी त्यात एकेक मेथड टाकत गेल्यास तो अवजड होतो आणि वारसांना नको असलेले ओझेही वाहावे लागते. दोन क्लासमध्ये ‘हा त्याचाच एक प्रकार आहे’ असे खरे नाते असेल, तरच हा मार्ग धरावा.

दुसरे उत्तर स्वतंत्र मेथडचे. दिलेल्या माहितीवरच जिचे उत्तर अवलंबून असते, जी स्वतः काही लक्षात ठेवीत नाही, अशी मेथड कोणत्याही एका क्लासच्या मालकीची असण्याचे कारण नाही. कॉटलिनमध्ये ती क्लासच्या बाहेर लिहिता येते. जावामध्ये ती उपयुक्त मेथडच्या क्लासमध्ये स्टॅटिक म्हणून ठेवतात. आपली क्रमांक तपासण्याची मेथड याच जातीची आहे.

तिसरे उत्तर स्वतंत्र वस्तूचे. निरोप पाठवण्यासाठी इंटरनेटची जोडणी लागते आणि पाठवलेल्या निरोपांची नोंदही ठेवावी लागते. अशा कामासाठी वेगळा क्लास करावा, त्याची वस्तू बनवावी आणि गरज असणाऱ्या क्लासला ती बाहेरून पुरवावी. चाचणीच्या वेळी तिच्या जागी खोटी वस्तू देता येते. त्यामुळे एकही खरा निरोप न पाठवता सर्व तपासता येते.

येथे एक सावधगिरीही सांगावयास हवी. दिसण्यात सारख्या असलेल्या सर्वच रीती एक नसतात. रजा ७ दिवसांची आणि ग्रंथालयातील पुस्तकाची मुदतही ७ दिवसांची असेल, म्हणून दोन्हींची मेथड एक करू नये. उद्या पुस्तकाची मुदत १० दिवस झाली, तर रजाही नकळत वाढेल. जे एकाच कारणाने बदलते, तेच एकत्र ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास म्हणून आपल्या ॲपमधील दोनदा लिहिलेली एक मेथड शोधावी आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. या दोन्ही प्रती एकाच कारणाने बदलतील काय? मेथडला काही लक्षात ठेवावे लागते काय? ती वापरणाऱ्या क्लासमध्ये खरे नाते आहे काय? या प्रश्नांच्या उत्तरांतून तिची जागा ठरेल. मग जुन्या प्रती आठवणीने पुसून टाकाव्यात. त्या उरल्या, तर एवढे सारे केलेले व्यर्थ जाते.