बॅकअपची खरी परीक्षा



राउटर आणि स्विच यांच्यावर अहोरात्र देखरेख ठेवणारा सर्व्हर आता भाच्याच्या ताब्यात येत आहे. त्याचा डेटाबेस रोज बॅकअपमध्ये जातो एवढ्यावर समाधान न मानता, त्या बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभा राहतो की नाही हे त्याने स्वतः पडताळावे, यासाठी हे पत्र आहे.

अशा देखरेखीसाठीची लिब्रेएनएमएस ही मुक्तस्रोत प्रणाली घेतली, तर तिची माहिती एका जागी नसते. उपकरणांची यादी, इशाऱ्यांचे नियम आणि वापरकर्त्यांची खाती मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असतात; परंतु ज्या मोजमापांवरून वाहतुकीचे आलेख निघतात, ती आरआरडी या ठरावीक आकाराच्या फायलींत, म्हणजे जुन्या नोंदी सरासरीत आटवून नव्यांना जागा करून देणाऱ्या फायलींत, वेगळी साठतात. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड आणि प्रणालीची कूटकिल्ली ‘डॉट-ईएनव्ही’ या छोट्या फायलीत असते. केवळ डेटाबेस जपणाऱ्याला रिस्टोअरनंतर उपकरणांची नावे दिसतात, आलेख मात्र कोरे राहतात.

डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपची आज्ञा ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ या पर्यायासह दिली, की इनोडीबी तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत, चालू नोंदी न अडवता, मिळते. आरआरडी फायलींना ही सोय नाही आणि प्रणाली सहसा दर ५ मिनिटांनी मोजमाप घेते. त्यामुळे दोन्हींचा मेळ हवा असल्यास प्रत घेईपर्यंत मोजमाप थांबवणेच योग्य. या फायली वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर थेट चालतीलच असे नाही. त्या आधी मूळ यंत्रावर एक्सएमएलमध्ये उतरवून नव्या यंत्रावर पुन्हा बांधाव्या लागतात, आणि ही गोष्ट मूळ यंत्र बंद पडल्यावर कळणे फार महागात पडते.

बॅकअप न पडताळल्यास काय होते, याचे एक उदाहरण पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची निर्देशिका चुकून पुसली गेली, तेव्हा आवृत्तीतील तफावतीमुळे पीजीडंप या साधनाने घ्यायचा नियमित बॅकअप तयारच होत नव्हता आणि अपयशाचे ई-मेलही पोहोचत नव्हते, हे उघड झाले. सुमारे ६ तास आधी घेतलेली एक वेगळी प्रत हाती होती, म्हणून त्या प्रतीपर्यंतची माहिती परत आली.

म्हणून दर तिमाहीला भाच्याने वेगळ्या यंत्रावर प्रणालीची तीच आवृत्ती बसवून रिस्टोअर करावे, कारण नव्या आवृत्तीचा डेटाबेस जुन्या प्रणालीवर चालेल याचा भरवसा नसतो. त्या यंत्रावरील क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी कामे आपोआप चालवणारी सोय, आणि इशारे आधी बंद ठेवावेत, अन्यथा ती चाचणीची प्रतही खऱ्या उपकरणांची विचारपूस करू लागते आणि रात्रपाळीच्या माणसांना खोटे इशारे जातात. नंतर प्रणालीची तपासणीची आज्ञा चालवावी, ओळखीच्या एखाद्या पोर्टचा जुना आलेख उघडून पाहावा आणि एकूण किती वेळ लागला याची नोंद ठेवावी. साहेबांनी विचारल्यास तोच आकडा उपयोगी पडतो. बॅकअपमध्ये उपकरणांचे एसएनएमपी परवलीचे शब्दही असतात, तेव्हा तो कूटबद्ध करून दुसऱ्या इमारतीत ठेवावा आणि त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

कळावे.

मामा