काट्यांची साक्ष

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेच्या परिसरात मांडवगण फराटा हे गाव वसले आहे. येथील मुख्य पीक उसाचे. पावसाळ्यात शेतांतील वाटा चिखलाने भरतात आणि उन्हाळ्यात त्यांवर फुफाटा उडतो. अशा वाटांवर साधी मोटार अडते. चारही चाकांना जोर देणारी जीप मात्र मार्ग काढते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत महिंद्र आणि महिंद्र कंपनी विलीज जीपची जुळणी करू लागली.

जुन्या जीपच्या चालकापुढे पत्र्याच्या फळीवर काही तबकड्या असतात. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे चालकास दिसत नाही. ते त्याला तबकड्यांतील काटे सांगतात.

टाकीत किती इंधन आहे, हे काट्यास कसे कळते? टाकीत एक पोकळ गोळा तरंगत असतो. इंधनाबरोबर तो वरखाली होतो आणि त्याला जोडलेली दांडी विजेच्या मार्गातील रोध कमीजास्त करते. तबकडीत दोन धातूंची एक जोडपट्टी असते व तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. पट्टी तापण्यास थोडा वेळ लागतो. म्हणूनच खाचखळग्यांत इंधन हिंदकळले, तरी काटा थरथरत नाही.

इंजिनाची उष्णता दाखविणारा काटाही असाच चालतो. इंजिनातील पाण्यात एक लहानसा खडा बसविलेला असतो. पाणी तापले की त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि काटा चढतो.

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट पाहा. या खड्याची तार चिखलात गंजून तुटली, तर प्रवाह थांबेल आणि काटा ‘थंड’ या खुणेवर पडून राहील. इंजिन उकळत असेल, तरीही काटा स्वस्थच असेल! पाणी गळून गेले व खडा उघडा पडला, तरीही काटा फसवू शकतो. म्हणजे काटा खाली असणे हे नेहमीच सुचिन्ह नव्हे. बराच वेळ चाललेल्या गाडीचा काटा जागचा हललाच नाही, तर शहाणा चालक गाडी थांबवितो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र तो उघडत नाही. कारण उकळते पाणी उसळून अंग भाजते.

इंधनाचा व उष्णतेचा असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले, तर मिस्त्री आधी टाकी उघडीत नाही. दोघांना मिळून वीज कोठून येते, हे तो शोधतो. दोघांचा दोष एक असेल, तर कारणही बहुधा एकच असते.

काही गाड्यांत वंगणाच्या दाबासाठी काट्याऐवजी तांबडा दिवा असतो. किल्ली फिरविताच तो लागावा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझावा. जो दिवा कधी लागतच नाही, त्याच्या विझण्याला काय अर्थ?

काटा हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष ऐकावी. परंतु ती पारखून घ्यावी.

स्वाध्याय
१. खाचखळग्यांतही इंधनाचा काटा स्थिर का राहतो?
२. उष्णतेचा काटा ‘थंड’ दाखवीत असताही इंजिन तापलेले असू शकते. कारणे सांगा.
३. ‘साक्ष पारखून घ्यावी’ हे व्यवहारातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.