खरड छाटणी आणि गोडी छाटणी

प्रश्न : माझं सासर तासगावकडचं. तिथे ‘खरड छाटणी’ आणि ‘गोडी छाटणी’ असे दोन शब्द सतत कानावर येतात. द्राक्षवेल वर्षातून दोनदा कशासाठी छाटतात?

उत्तर : थंड देशांत हिवाळ्यात वेल विश्रांती घेते आणि तिची छाटणी एकदाच होते. आपल्याकडे ती विश्रांती मिळत नाही, म्हणून दोन छाटण्या.

माल उतरला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरची, जुनी काडी साधारण एक डोळा (अंकुर) राखून काढतात. बाग अगदी बोडकी दिसते. या छाटणीतून फळ घ्यायचं नसतं, पुढच्या हंगामाची काडी घडवायची असते. माझ्या मते द्राक्षशेतीचं खरं भवितव्य इथेच ठरतं. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. त्या काळात फुटींची गर्दी झाली, ऊन काडीपर्यंत पोचलं नाही किंवा पाणी आणि नत्र जास्त झालं, तर घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. म्हणून विरळणी आणि शेंडा मारणं वेळेवर हवं.

गोडी छाटणी फळासाठी, बहुतेक ऑक्टोबरच्या आसपास. घड कितव्या डोळ्यात आहे हे तपासून काडी कुठे कापायची ते ठरवतात.

तासगावकडे कुणी ‘बाग पन्नास दिवसांची आहे’ म्हणालं, तर ते छाटणीपासूनचे दिवस समजा. लागवड बरीच जुनी असू शकते.