बदामीला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस,


पुढच्या आठवड्यात तुम्ही मुलं बोल्डरिंगला बदामीला निघताय, असं ताईकडून कळलं. तिकडे परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय, म्हणून हे घाईने लिहितोय.

तुझा हात घडला सह्याद्रीच्या बसाल्टवर. तो घट्ट कातळ. पाणी बरंचसं वरून निघून जातं. ओला असला की निसरडा होतो, पण वरचा ओलावा उडाला की चढता येतं. बदामीचा तांबडा कातळ वालुकाश्म आहे. वाळूचे कण सिलिकाने, लोहाने, कुठे चिकणमातीने सांधलेले असतात. पाणी कणांमधल्या पोकळीत मुरतं आणि सांधा कमजोर होतो. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्याच्याही खाली जाते. बदामीचा दगड त्यातल्या त्यात टणक, तरी बोटभर जाडीच्या कपच्या तिथेही आहेतच. आणि तुम्ही सगळा भार टाकता तो नेमका त्यांच्यावर.

वालुकाश्माच्या बाबतीत तळहातावर विश्वास ठेवू नकोस. वारा सुटला की वरचा थर लवकर सुकतो. हाताला कोरडं लागतं, चॉकही नीट बसतो, आणि आत ओल तशीच असते. त्यापेक्षा बोल्डरच्या पायथ्याची माती उकर. वरची धूळ बाजूला करून दोन-तीन बोटं खोल जा. माती गार लागली, मुठीत दाबल्यावर गोळा धरू लागली, तर दगडही ओला आहे असं समज. मात्र पुढे झुकलेल्या कातळाखाली ही परीक्षा फसते. तिथे पाऊस पोचतच नाही, माती भुरभुरीत राहते, आणि माथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून सावकाश खाली झिरपत असतं. म्हणून उघड्यावरची मातीही बघ, आणि कुणाला तरी माथ्यावर पाठवून खळग्यांत पाणी साचलंय का ते पाहायला सांग. शेजारच्या दगडापेक्षा गडद दिसणारा पट्टा, भेगेतलं टवटवीत शेवाळ, दिवसभर सावलीत राहणारी बाजू, यांपैकी काहीही दिसलं तर तो बोल्डर सोडून दे.

किती तास थांबायचं, हे तू नक्की विचारशील. अमेरिकेत नेवाडातल्या रेड रॉकला पावसानंतर २४ ते ७२ तास थांबायचा रिवाज आहे. तो आकडा आपल्या दमट हवेला तसाच लावू नकोस. रिमझिम आणि रात्रभराची संततधार यांत फार फरक आहे, ढगाळ दिवस तर हिशेबात धरूच नये. घड्याळ आणि माती यांचं जमलं नाही तर मातीचं ऐक.

टॉवेलने पुसून किंवा आच देऊन दगड सुकवायच्या फंदात कुणी पडलं तर स्पष्ट अडव. पुसल्याने आतली ओल जात नाही, आणि आचेने वरचा थर सुटतो. तुटलेला होल्ड परत येत नाही गं. तुझ्यामागून येणाऱ्या मुलांचा तो मार्ग कायमचा बदलतो, आणि पडणाऱ्याचा घोटा जातो तो वेगळाच.

पहिला दिवस ओला निघाला तर लेणी बघा. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा चालुक्यांचा शिलालेख आहे, तो चुकवू नका. पट्टदकल आणि ऐहोळेही एका दिवसात होतात. परतीचं आरक्षण मात्र दोन दिवस पुढचं कर, म्हणजे शेवटच्या दिवशी घाईला येऊन कुणी ओल्या दगडाला हात घालणार नाही. पैसे कमी पडले तर मला कळव.

तुझा,
मामा