वहीतला साप आणि बांधीतला साप

पवनीच्या आसपास, वैनगंगेच्या काठी, धानाची शेती आहे. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात उतरतात आणि बांधीत साप निघतोच. ‘साप चावल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे’ हे उत्तर नववीत मी पाठ केले होते. त्याला पूर्ण गुणही मिळाले. त्याच पावसाळ्यात काकूला साप चावला, तेव्हा घरच्यांनी आधी मांत्रिकाला बोलावले. मी तिथेच उभी होते, पण तोंडातून शब्द निघाला नाही. काकू वाचली. श्रेय मंत्राला मिळाले.

असे का घडते? पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा रोगी आपोआप बरा होतो व समजूत पक्की होते. परंतु मण्यार बहुधा रात्री चावते. वेदना फारशी नसते, खूणही नीट दिसत नाही आणि काही तासांत श्वास बंद पडू शकतो. तेथे दवाखाना व सर्पविषावरचे इंजेक्शन हाच उपाय आहे. साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार महाराष्ट्रात गुन्हा आहे.

तरीही धडा वहीतच राहतो, कारण घरची समजूत वर्गात कधी येतच नाही. माझे नम्र मत असे की, शिक्षकांनी तिला हसू नये. ‘मंत्राने माणूस वाचला कसा?’ हाच प्रश्न मुलांना विचारावा. ज्या मुलांनी उत्तर स्वतः शोधले, ती घरी बोलू शकतील. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. यापुढे तरी मी गप्प राहणार नाही.