हरवलेला कुत्रा रानात कसा जगतो?

माणूस वाट चुकला तर कुणाला तरी विचारतो. कुत्र्याने कुणाला विचारायचे?

जुलै २०२४ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचा 'महाराज' नावाचा कुत्रा मालकामागे पायी पंढरपूरला गेला. तिथे चुकामूक झाली. मालक घरी परतले, आणि मागोमाग महाराजही दारात हजर! अंतर सुमारे २५० किलोमीटर. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. लोक म्हणाले, पांडुरंगाची कृपा. मला वाटते, तो जाताना पायी गेला होता हेही कामी आले. कुत्रा वाट नाकाने लक्षात ठेवतो. गाडीत घालून नेला असता तर कठीण होते.

पण पोट कसे भरायचे? कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा, पण हजारो वर्षे आपल्या भाकरीवर वाढलेला. एकट्याने हरीण मारणे त्याला सहसा जमत नाही. तो उंदीर, सरडे, मेलेली ढोरं असे काहीही खातो. म्हणून तो फार खोल रानात न जाता शिवारातच घुटमळतो. ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर व्हॅलरी नावाची छोटी कुत्री नोव्हेंबर २०२३ मध्ये हरवली. ती ५२९ दिवसांनी, एप्रिल २०२५ मध्ये सापडली, तीही अंगाने भरलेली! मालकिणीच्या कपड्यांचा वास पिंजऱ्यात ठेवून तिला धरले.

मात्र त्या बेटावर बिबट्या नाही. आपल्या सातपुड्यात आहे. अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के कुत्रीच निघाली. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात तो शोभेसाठी नाही. रानातले जनावर आधी नरडे धरते.

दुसरा वैरी म्हणजे आपला उन्हाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो, तेवढाच गारवा. पाणी नसेल तर तो टिकत नाही. म्हणून वैशाखात चुकलेला कुत्रा शोधायचा तर आधी पाटाकडेला आणि केळीच्या बागेत बघावे. तिथे सावली असते, ठिबकचे पाणीही असते.

आमच्या आळीचा मोत्या दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळाला, तो अजून आला नाही. बदामी रंग, डाव्या कानाचे टोक तुटलेले. पालकांनो, तुमच्या शेतात दिसला तर मागे धावू नका. घाबरलेला कुत्रा मालकाच्या हाकेलाही पळतो. दूर भाकर टाका, खाली बसा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, आणि शाळेत निरोप धाडा. आम्ही त्याची गोणपाटाची गादी घेऊन येऊ.

मुलांनी एकट्याने ओळख नसलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. तिखट, हळद, चुना लावत बसू नये.

— इयत्ता ७ वी